कात्री चालू असताना समोरच्याने अचानक डोकं हलवलं तर काय करता?

सुदामानगरची_ताई (इंदूर)

नमस्कार. पार्लरचा कोर्स करून काही वर्षं नोकरी केली, आता मी घरोघरी जाऊन केस कापते. माझी गिऱ्हाइकं बहुतेक दोन टोकांची आहेत. एक तर तीन-चार वर्षांची मुलं, नाहीतर सत्तरी-ऐंशीच्या पुढचे आजी-आजोबा, ज्यांना जिना उतरून दुकानापर्यंत जाणं झेपत नाही. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, वैशालीनगर इकडे आपली मराठी घरं भरपूर, त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरी नाव जातं आणि काम मिळतं.

कोर्समध्ये आम्ही डमीच्या डोक्यावर शिकलो आणि नंतर एकमेकींच्या. दोन्ही डोकी स्थिर. खरी डोकी तशी नसतात. परवा लोकमान्यनगरात एका मुलाच्या कानामागे काम चालू होतं, तेवढ्यात खाली कचरागाडीचं गाणं वाजलं आणि पोरगं गर्रकन खिडकीकडे वळलं. कात्री मिटलेली होती, काही झालं नाही. पण आई घाबरली आणि पुढचा सगळा वेळ तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी दाबून धरलं. तो मग जास्तच उसळायला लागला.

दुसरीकडे एका आजोबांना कंपवात आहे. मान सतत थोडी थोडी हलत असते. ते बिचारे मलाच ‘सॉरी’ म्हणत राहतात, ते ऐकून फार वाईट वाटतं.

हलणाऱ्या डोक्यावर हात कसा चालवायचा? आणि कुठे पातं लागलंच तर त्या क्षणी नेमकं काय करायचं? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावं.

दोन_पोरांचा_बाबा (देवास)

आमच्याकडे मी डोकं धरतो, बायको हात धरते, समोर मोबाइलवर कार्टून. पाच मिनिटांत काम आटपतं. रडतात थोडे, पण होऊन जातं. लहान मुलांना घट्ट धरण्याशिवाय दुसरा उपाय नाही असं माझं मत.

रामबागचं_दुकान (इंदूर)

ताई, रामबागेत आमचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हे कोणी विचारतच नाही. सगळे स्टाइल विचारतात.

देवासच्या भाऊंनी मनापासून सांगितलंय, पण घट्ट धरणं मला पटत नाही. धरलं की पोर ताकद लावतं. धरणाऱ्याची पकड कधी सुटेल ते कात्रीवाल्याला कळत नाही आणि सुटली की डोकं दुप्पट झटक्याने कुठेतरी जातं. डोकं हलणारच, हे धरून चाला. आपल्या ताब्यात आहे तो आपला हात. तो हात डोक्यावर असा टेकलेला हवा की डोकं जिकडे जाईल तिकडे तोही जाईल.

नीट सांगतो. डावा हात डोक्याला लागलेला, बोटं पसरून. उजव्या हातातल्या कात्रीचं न हलणारं पातं डाव्या हाताच्या बोटावर टेकलेलं. आता डोकं फिरलं तर डावा हात फिरतो आणि त्याच्याबरोबर कात्रीही फिरते. कातडी आणि पातं यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं. घात होतो तो अधांतरी हाताने. कोपर हवेत, मनगट हवेत आणि पातं कानापासून बोटभर लांब, असं उभं राहून कापणाऱ्याला वाटतं की आपण सुरक्षित अंतरावर आहोत. उलट आहे. मुलगा वळतो तेव्हा त्याचा कान त्या पात्यावर येऊन आदळतो. ट्रिमरचंही तसंच. करंगळी आणि तळहाताची कड गालाला किंवा मानेला टेकलेली ठेवा, मगच ट्रिमर लावा.

कात्री तर अंगठ्यानेच चालली पाहिजे. अंगठ्याचं पातं हलतं, दुसरं गप्प राहतं, आणि ते गप्प पातं कातडीकडे. कानाजवळ कात्री पूर्ण उघडायचीच नाही, फक्त टोकाने बारीक बारीक कापायचं. कानाची वरची कड कापली जाते ती उघडलेल्या दोन पात्यांमध्ये सापडते म्हणून. मिटलेली कात्री फार तर टोचेल, आणि तेही होऊ नये म्हणून मुलांसाठी गोल टोकाची कात्री वेगळी ठेवा. कान डाव्या अंगठ्याने पुढे दुमडून घ्या, म्हणजे तो वाटेतच येत नाही. कंगवा फिरवताना अंगठा कडीतून बाहेर आणि कात्री मिटून तळहातात. हे शेवटचं कोर्समध्ये शिकवतातच, पण पुढच्या घरी जायची घाई असली की पहिलं सुटतं ते हेच.

आणि स्वतःचं बोट सांभाळा. डाव्या हाताच्या दोन बोटांत केस धरून कापता तेव्हा दुसऱ्या पेऱ्याच्या पलीकडे कात्री नेऊ नका. पलीकडे बोटांमधली मऊ कातडी असते आणि केसांखाली ती दिसत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माणूस हलायच्या आधी तसं कळतं, फक्त आपलं लक्ष केसांवरून थोडं त्याच्या अंगाकडे हवं. शिंक येणार असेल तर श्वास आत ओढला जातो, हनुवटी वर जाते, खांदे किंचित उचलले जातात. नाकाला खाज सुटली तर हात चादरीखालून निघतो. त्याआधी चादरीवर पोटापासून छातीकडे एक उंचवटा सरकताना दिसतो. तो दिसला की कात्री मिटा, थांबा, खाजवू द्या. लहान मुलं खुर्चीत पाय हलवत असतात. चालू असलेले पाय एकदम थांबले, तर समजा त्याने काहीतरी ऐकलं आणि आता तो वळणार. कचरागाडीचं गाणं तुम्हाला ऐकू यायच्या आधी त्याला ऐकू येतं.

दुकानात समोर आरसा असतो म्हणून चेहरा दिसतो. घरी आरसा नसतो. शक्य असेल तर ड्रेसिंग टेबलापुढे बसवा. नसेल तर थेट मागे उभं न राहता थोडं बाजूला राहा. खुर्चीचं तोंड दाराकडे करा. दार पाठीमागे असलं की बेल वाजेल तेव्हा मूल मागे वळणार. दार समोर असलं तर नुसतं बघेल. टीव्ही लावायचा असेल तर तोही नाकासमोर, बाजूला नको.

आणि ताई, निम्मे झटके आपणच देतो. मानेवर गार पाण्याचा फवारा मारला की कोणीही खांदे आक्रसून घेणार. मुलांच्या बाबतीत पाणी कंगव्यावर मारा आणि कंगवा फिरवा. कंगव्याचे दात कानाच्या मागच्या भागाला लागतात, तिथे फार झोंबतं. गुंता वरून ओढू नका, केस मुळाशी धरून टोकापासून सोडवा. रंगपंचमीच्या गेरीनंतरचे (रंगांच्या मिरवणुकीनंतरचे) दोन-तीन दिवस तर मी मुलांचे केस धुतल्याशिवाय कापतच नाही. पक्क्या रंगाने केस राठ होतात, डोक्याला खाज असते, आणि प्रत्येक कंगव्याला पोर उडतं.

मशीनचं वेगळं. ते आधी लांब धरून चालू करा, आवाज ऐकू द्या. मग पात्याची बाजू नाही तर मागची बाजू मुलाच्या खांद्यावर टेकवा. नुसती गुदगुल्यासारखी थरथर आहे हे कळलं की भीती निम्मी जाते. मधूनमधून पातं आपल्या मनगटावर लावून बघा, गरम झालं असेल तर तेलाचा थेंब टाका आणि थोडं थांबा. मशीन हातातून पडलं असेल तर पाती तपासल्याशिवाय वापरू नका. हलणारं पातं स्थिर पात्याच्या किंचित मागे असलं पाहिजे. ते पुढे सरकलं असेल तर डोकं अजिबात न हलताही कातडी कापली जाते.

लहान मूल असेल तर खुर्चीवर उशा रचून बसवू नका, ते घसरतं. वडिलांच्या मांडीवर, पाठ त्यांच्या छातीला. वडिलांनी चादरीवरून मुलाचे हात हलकेच धरायचे. डोक्याला हात लावायचा नाही, ते काम तुमचं.

निवृत्त_सिस्टर (इंदूर)

रामबागवाल्या दादांनी हाताचं सांगितलं, मी जखमेचं सांगते. ड्रेसिंगच्या खोलीत बरीच वर्षं गेली आहेत.

कान आणि डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. म्हणून जखम तांदळाएवढी असली तरी रक्त बघून घरचे हादरतात. कात्री आधी बाजूला, मुलाच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. हातमोजे घाला. स्वच्छ गॉज जखमेवर ठेवा आणि दाबून धरा, सलग दहा मिनिटं, घड्याळ लावून. लोक दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघतात, त्यामुळे बसत आलेली गाठ निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. कानाची कड असेल तर पुढून-मागून दोन बोटांच्या चिमटीत धरा. रक्त थांबल्यावर आजूबाजूचे कापलेले केस पाण्याने धुऊन काढा, जखमेत केसाचा तुकडा राहू देऊ नका. पंधरा-वीस मिनिटांत थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहिल्या किंवा कानातलं पांढरं कुर्चाचं टोक दिसलं, तर दवाखाना. तिथे वाट बघायची नाही.

वयस्कर लोकांना कापायला बसवण्याआधी एक प्रश्न विचारत जा: रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्यांना, अर्धांगवायू होऊन गेलेल्यांना बहुतेकदा असते. ओरखडासुद्धा त्यांना बराच वेळ वाहतो. मधुमेह असेल तर घरच्यांना पुढचे दिवस जखमेवर लक्ष ठेवायला सांगा. आणि चादर बांधायच्या आधी मानेवर, कानामागे बोटं फिरवून बघा. चामखीळ, उंच तीळ, जुन्या टाक्यांची जागा. केसांत लपलेली चामखीळ कंगव्याला लागते आणि वस्तऱ्याने तर कापलीच जाते.

तुरटीबद्दल. तुरटीने बारीक जखमेचं रक्त थांबतं हे खरं. पण एकच खडा सगळ्यांच्या चेहऱ्यावरून फिरवणं चुकीचं आहे. वापरायचीच तर पूड ठेवा, कापसावर घ्या आणि कापूस टाकून द्या. हळद, पावडर, टूथपेस्ट जखमेवर नको.

हे मी इतकं आग्रहाने सांगते त्याचं कारण हिपॅटायटिस बी. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तात, अवजाराच्या पृष्ठभागावर किमान 7 दिवस जिवंत राहू शकतो. पातं स्वच्छ दिसलं तरी भरवसा नाही. रक्त लागलेली कात्री आधी साबण-पाण्याने घासा, कारण रक्ताचा थर असेल तर जंतुनाशक आत पोहोचत नाही. मगच जंतुनाशकात ठेवा. वस्तऱ्याची अर्धी ब्लेड प्रत्येकाला नवी, आणि वापरलेली जाड डब्यात. इंदुरात कचरागाडीला घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा आहे, डबा भरला की त्यात द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका. तो कचरा माणसंच हाताने वेगळा करतात.

ताई, तुम्ही स्वतः हिपॅटायटिस बीची लस घेतली आहे का? नसेल तर आधी ते करा. तीन डोस असतात, पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्याला. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेल्या पात्याने तुम्हाला कापलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकं चांगलं.

सुदामानगरची_ताई (इंदूर)

काका, सिस्टर, दोघांचे खूप आभार. चादरीवरच्या उंचवट्याचं वाचलं आणि कालच एका आजींकडे दिसलं, अगदी तसंच. लसीचं उद्याच विचारते.

आणखी दोन प्रश्न. कंपवातवाल्या आजोबांसाठी काही वेगळं करायला हवं का? आणि मशीनचं गार्ड, म्हणजे पात्यावर बसवायचा कंगवा, मध्येच निघालं तर जो खळगा पडतो, त्याचं काय करायचं? माझ्यासोबत शिकलेल्या एका मैत्रिणीकडे झालं होतं. त्या घरी तिला पुन्हा बोलावलं नाही.

रामबागचं_दुकान (इंदूर)

आधी आजोबा. घरच्यांना विचारा, गोळीनंतर त्यांना सगळ्यात बरं कधी वाटतं. कंपवाताच्या गोळीचा असर चढायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि नंतर तो पुन्हा उतरतो. घरच्यांना ती वेळ बरोबर माहीत असते, त्याच वेळेला जा. उंच पाठीची खुर्ची घ्या, मानेमागे घट्ट गुंडाळलेला टॉवेल. डोकं टेकलं की पुष्कळांची मान बरीच शांत होते. मागची बाजू करायची तेव्हा तुमचा डावा तळवा कपाळावर, म्हणजे पुढून आधार. कान आणि मानेच्या रेषेला कात्री नको, वस्तरा तर मुळीच नको. गार्ड लावलेलं मशीन आणि शेवटी ट्रिमर, हात टेकवून.

आणि त्यांना “हलू नका” असं एकदाही म्हणू नका. ताण आला की कंप वाढतो. ते सॉरी म्हणाले तर सांगा, “काका, तुम्ही हला, माझा हात तुमच्यासोबतच आहे.” हे खरंही आहे, म्हणून त्यांना धीर येतो. मध्ये दोनदा थांबून पाणी द्या. एका बैठकीत नाही झालं तर उरलेलं दुसऱ्या दिवशी.

आता गार्ड. लावल्यावर टक असा आवाज यायला हवा, आणि मग बोटाने ओढून बघायचं, सुटतंय का. दात तुटलेलं, ढिलं झालेलं गार्ड फेकून द्या. पहिला हात नेहमी मोठ्या नंबरने आणि मागे खाली मारा. काही बिघडलंच तर तिथे सावरता येतं, पुढे कपाळावर नाही.

खळगा पडला तर पहिल्यांदा मशीन बंद. बहुतेक जण घाबरून सगळं डोकं त्या खळग्याइतकं बारीक करतात. तसं करू नका. खळग्याच्या कडेने एक नंबर वरचं गार्ड लावून, मशीन उचलत उचलत कडा मऊ करा. केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात, दोन आठवड्यांत ती जागा बरीच भरून येते. आणि लगेच सांगा. घरच्यांनी अंघोळीच्या वेळी शोधून काढलं तर पुढचं काम गेलंच. तुम्ही आरसा दाखवून सांगितलंत, दोन आठवड्यांनी येऊन फुकट सारखं करून देते म्हणालात, तर बहुतेक घरं पुन्हा बोलावतात. पातं लागलं असेल तरीही तेच: “कानाला लागलंय, मी दाबून धरलंय, दहा मिनिटं लागतील.” या तीन गोष्टी, शांत आवाजात. “काही नाही, काही नाही” म्हणू नका, त्याने लोक जास्त घाबरतात. त्या दिवशीचे पैसे घ्यायचे नाहीत आणि दुसऱ्या दिवशी फोन करायचा.

विजयनगरची_आई (इंदूर)

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, म्हणून लिहिते. त्याच्यासाठी मशीनचा आवाज आणि मानेवर पडणारे केसाचे तुकडे हे दोन्ही असह्य आहे. आधी सगळीकडे त्याला धरूनच कापायचे. घरी यायचो तेव्हा तो थकून गेलेला असायचा आणि पुढच्या वेळी कंगवा बघूनच किंचाळायचा.

आता एक मुलगी घरी येते. ती आधी नुसती आली, बंद मशीन त्याच्या हातात दिलं आणि निघून गेली. नंतर कापायला लागली तेव्हा “दहापर्यंत मोजू, मग थांबू” असं ठरवलं. दहा झाले की ती खरोखर थांबते, दोन केस उरले असले तरी. त्यामुळे त्याचा तिच्यावर विश्वास बसला. चादर आम्ही वापरतच नाही. पुढून बटणांचा जुना शर्ट घालतो, मानेवरचे तुकडे मऊ ब्रशने लगेच झाडते, आणि झाल्यावर शर्ट डोक्यावरून काढावा लागत नाही. कधी अर्धंच डोकं होतं. तसाच शाळेत जातो, आम्हाला चालतं. घट्ट धरा म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा असं करून बघा.

दोन_पोरांचा_बाबा (देवास)

ताई, वाचलं. धाकट्याला या वेळी मांडीवर बसवून, नुसते हात धरून बघतो.

निवृत्त_सिस्टर (इंदूर)

एक राहिलं. अचानक हालचाल म्हणजे कधी कधी फिट असते. डोळे एका बाजूला जातात, अंग ताठ होतं, मग झटके. अशा वेळी पहिलं काम अवजार दूर फेकणं, दुसरं गळ्यापासची चादर सोडणं. खुर्चीतून हळूच खाली घ्या, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ. तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल-कांदा हुंगवायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. वेळ बघा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललं किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108.

सुदामानगरची_ताई (इंदूर)

हे सगळं वहीत उतरवून घेतलं. काका, शेवटचं एक: कात्रीला धार कधी लावायची? माझी तशी बरी चालते, पण ओल्या केसांना मध्येच अडकल्यासारखी वाटते.

रामबागचं_दुकान (इंदूर)

मग तिची धार गेली आहे. बोथट कात्री केस कापत नाही, दुमडून ओढते, आणि ओढलं की माणूस उडतो. टिश्यू पेपर पाण्यात भिजवून टोकापर्यंत कापून बघा. फाटला किंवा पात्यांत सापडला तर धारेला द्या. पण भाजीच्या सुऱ्यांना धार लावणाऱ्या सायकलवाल्याकडे नको, केसांच्या कात्रीचा कोन वेगळा असतो, त्याच्या चाकावर ती कायमची जाते. सलूनचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा, ते बरोबर माणूस सांगतात. ती परत येईपर्यंत आजोबांकडे मशीननेच काम करा.